पतंग धरायचेत, पण उत्तरायणातले नव्हेत! कीटक जमवायचं सामान बडोद्यात कसं जुळवावं?

मांडवीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

"यंदा पावसाळ्यात पतंग धरायला जायचंय," असं घरात जाहीर केलं तेव्हा बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "वासी उत्तरायण होऊन सहा महिने झाले." जन्म बडोद्यात गेला की पतंग म्हणजे फिरकी नि मांजा. दिव्यावर झेपावतात ते पतंग, हे समजावण्यात माझा चहा निवला.

मुलगी नववीत आहे. मागल्या वर्षी पहिल्या पावसात अंगणात मखमली लाल मृगाचे किडे दिसले, तिथून तिला हे वेड लागलं. हौसेने १,८०० रुपयांचा 'कीटक संग्रह संच' ऑनलाइन मागवला. बशीएवढ्या तोंडाची जाळी पहिल्याच दिवशी बाभळीच्या काट्यात फाटली. प्लॅस्टिकची बाटली, खेळण्यातलं भिंग आणि सोबतच्या टाचण्या म्हणजे शिंप्याकडे असतात त्याच. श्रावणात त्या अशा गंजल्या की दोन भुंगेऱ्यांची पाठ तांबडी झाली.

मग ठरवलं, आपणच जुळवू. आतापर्यंतची मजल:

जाळं: जुन्या बॅडमिंटन रॅकेटच्या तारा काढून मच्छरदाणीची पिशवी शिवली. माशा-बिशा सापडतात, फुलपाखरू हुलकावणी देतं.

फुंकनळी (खरं तर ओढनळी, बारीक किडे श्वासाने बाटलीत ओढायला): होमिओपॅथीची मोठी बाटली, बुचाला दोन भोकं, त्यात मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातली नळी. एक नळी किड्यावर, दुसरी तोंडात. तोंडातल्या नळीच्या आतल्या टोकाला मेडिकलची जाळीदार पट्टी बांधायची असते. आमची सुटली. मुंगळ्याची चव कशी असते ते मला विचारा.

मारण्याची बाटली: लोणच्याची काचेची बरणी, आत नेलपॉलिश रिमूव्हर. रिमूव्हर तळालाच राहावं म्हणून थर्माकोलचा तुकडा कापून टाकला. सकाळी बरणीत थर्माकोल नव्हताच. चिकट लगदा होता आणि त्यात एक बिचारा नाकतोडा.

प्रश्न तीन: टाचण्या कुठल्या? किडा मारायचा कसा, म्हणजे त्याला त्रास कमी आणि बायकोला शंका कमी? आणि किडे बुडवून ठेवायला स्पिरिट लागतं, त्याचं काय करायचं? आपल्याकडे दारूबंदी, त्यामुळे अल्कोहोल मागितलं की दुकानदार वेगळ्याच नजरेने बघतो.

---

सेव_उसळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). मुंगळ्यावर तर्री घालून बघा.

---

बाभुळबन

मांडवीकर, आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या चुका वाचून आनंद झाला, कारण यातली एकही नवी नाही.

आधी एक मास्तरकी. मृगाचा किडा कीटक नव्हे. लेकीला पाय मोजायला सांगा. आठ भरतील. तो कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला.

आता जाळं. रॅकेट वाईट नाही, पण तोंड लहान. फुलपाखराला ३० ते ३८ सेंमी व्यासाचं कडं हवं. हार्डवेअरवाल्याकडे ८ नंबरची जीआय तार मागा, वाकवून दोन्ही टोकं बांबूला खाचा पाडून घट्ट बांधा. पिशवीची खोली व्यासाच्या दुप्पट तरी असू द्या. सगळे इथेच कापड वाचवतात आणि पस्तावतात. किडा आत शिरला की मनगट फिरवून पिशवी कड्यावर पालथी पडली पाहिजे, म्हणजे तोंड आपोआप बंद. आखूड पिशवी पडतच नाही. तळ टोकदार शिवू नका, गोल शिवा. टोकात अडकून फुलपाखराचे पंख झडतात.

आणि जाळी दोन करा. उडत्या किड्यांना मलमल किंवा मऊ मच्छरदाणी. गवत झोडपायला मांजरपाट, तो काट्याला दाद देत नाही. गवतात चालता चालता जाळं डावी-उजवीकडे झाडूसारखं मारत जायचं, पंचवीसेक फटक्यांनंतर आत बघायचं. तुडतुडे, ढेकूण (झाडांवरचे, खाटेतले नव्हेत), लहान भुंगेरे, कोळी, सगळं गाव सापडतं.

झुडपांसाठी छत्री. उलटी धरून वरून फांदीला काठीने दोन टोले. काळ्या छत्रीत काही दिसत नाही, आत पांढरं कापड टाचा.

---

तुडतुडा

काका, टाचणीचं मी सांगतो, ॲग्रीला (शेतकी कॉलेजात) आहे, दोन डबे भरलेत.

कीटकांची पिन वेगळीच असते. लांबी ३८ मिमी, स्टेनलेस स्टील किंवा काळ्या मुलाम्याची, जाडीप्रमाणे नंबर. नवशिक्याने २ आणि ३ घ्यावेत, बाकीचे नंतर. कॉलेजांना लॅबचं सामान पुरवणाऱ्यांकडे 'एंटोमॉलॉजिकल पिन' मागा, शंभराच्या पाकिटात मिळते. शिंप्याची टाचणी आखूड, त्यामुळे खाली लेबल बसत नाही, आणि गंज तर तुम्ही पाहिलाच.

कुठे टोचायची हेही ठरलेलं असतं. भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून, पाठीच्या मधोमध नाही. ढेकणाला पाठीवरच्या त्रिकोणाच्या किंचित उजवीकडे. नाकतोड्याला मानेमागच्या ढालीच्या उजव्या अंगाला. फुलपाखरू, पतंग, चतुर यांना छातीच्या मध्यातून. उजवीकडेच का, तर टाचणीने एक बाजू बिघडली तरी दुसरी शाबूत राहते, ओळख पटवायला तीच कामी येते.

भातातल्या तुडतुड्याएवढ्या चिमुकल्या जिवाला टाचणी टोचतच नाहीत. जाड कागदाचा लहान त्रिकोण कापायचा, टाचणी त्रिकोणात, आणि टोकाला डिंकाच्या थेंबाने किडा चिकटवायचा. डिंक पाण्यात विरघळणारा हवा, चुकलं तर सुटतो. फेव्हिक्विक लावलं तर जन्माचं नातं.

---

मूळ_इंदूरकर

अवांतर: मराठीत टाचणी म्हणजे पिन आणि टाचणी म्हणजे चतुरासारखा तो बारीक, नाजूक उडता किडा. आमच्या रामबागेतल्या शाळेत एका पोराने तक्त्यावर 'टाचणीने टोचलेली टाचणी' असं लिहिलं होतं. बाईंनी लाल रेघ मारली. पोरगं बरोबर होतं.

---

मुक्ता_अलकापुरी

मी कदाचित एकटी पडेन, पण विचारते. मारायचंच कशाला? मोबाइलला मॅक्रो लेन्सची क्लिप लावली की फोटो छान येतात, आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले की ओळखही पटते. आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखराच्या आळ्या असतात, कोष फुटताना बघण्यात जी मजा आहे ती डब्यात नाही. मुलीला आधी हे दाखवा.

---

बाभुळबन

मुक्ताताई, एकट्या नाही. मी आता जाळं फार कमी उचलतो. फुलपाखरं, चतुर, मोठे पतंग यांना बहुतेक वेळा फोटो पुरतो. पण लहान भुंगेरे, माशा, गांधीलमाश्या यांच्या कित्येक जाती फोटोवरून सांगताच येत नाहीत, भिंगाखाली शरीराचे बारकावे पाहावे लागतात. तिथे नमुना लागतो. मग एकच घ्यावा आणि नीट जपावा. सुरवंट वाढवून फुलपाखरू सोडून द्यायचं हाही संग्रहच आहे, वही भरते.

शिवाय मेलेलेही पुष्कळ मिळतात. रस्त्याच्या दिव्याखाली सकाळी सहाला फिरा, झाडूवाले यायच्या आत. खिडकीची चौकट, गाडीची पुढची जाळी, कोळ्याचं जाळं. माझ्या डब्यातला सर्वांत सुंदर कण्हेरीचा पतंग, तो हिरव्या संगमरवरासारखा, एका मंगल कार्यालयाच्या पायरीवर मेलेला सापडला. वरात निघाली होती, मी वाकून पतंग उचलत होतो.

---

मांडवीकर

ताई, पटलं. लेकीशी बोललो. तिने नियम केला: फुलपाखरं फक्त फोटोत, डब्यात भुंगेरे आणि मेलेले सापडतील ते. मला हायसं वाटलं, कारण फुलपाखरू मारायला त्याची छाती चिमटीत दाबायची, हे कुठेतरी वाचूनच माझे हात गळाले होते.

पण भुंगेऱ्यांसाठी बरणीचं सांगा ना कुणीतरी.

---

तुडतुडा

बरणी काचेचीच ठेवा. तळाला दीड-दोन सेंमी प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. गणपतीवाल्याकडून वाटीभर मागून आणा. ते पुरतं वाळू द्या, दोन-तीन दिवस. मग चमचाभर इथाइल ॲसिटेट, प्लास्टर ते पिऊन घेतं, वर कोरडं राहतं. आत टिशूच्या चार पट्ट्या सोडा, म्हणजे किडे एकमेकांना धडकत नाहीत. झाकण घट्ट, बाहेर 'विष' असं ठसठशीत लिहा. वास घेऊ नका, गॅसच्या शेगडीपाशी ठेवू नका, लवकर पेटतं.

ॲसिटोन नसलेल्या रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा इथाइल ॲसिटेटच असतं, म्हणून काम भागतं. पण ते आणि ॲसिटोन दोन्ही थर्माकोल विरघळवतात. तुमचा लगदा त्याचाच. जुन्या पुस्तकांत सायनाइडची बरणी असते, ते पान उलटून पुढे जा.

सर्वांत सोपं म्हणजे फ्रीजर. डबीत घालून दोन दिवस. किडा थंडीने आधी सुस्तावतो आणि तसाच जातो.

---

सेव_उसळ

डबीवर नाव लिहा हो. आमच्याकडे श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असतं ही समजूत एकदाची मोडलेली आहे.

---

मांडवीकर

@सेव_उसळ, उशीर झाला. काल मावशी आल्या होत्या. डब्यात शेणकिडे होते.

---

हरणी_रोडवाला

स्पिरिटचं मी सांगतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गुजरातेत इथेनॉलला परवाना लागतो, ते विसरा. आम्ही बोर्ड पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरतो, आयपीए म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळतं, कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. ते प्यायचं नसतं, विषारी असतं, म्हणून घरात वर ठेवा. किड्यांसाठी किती पाणी घालायचं ते मास्तर सांगतील.

---

बाभुळबन

७० टक्के करा: ७० मिली आयपीएला ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. मुंग्या, वाळवी, आळ्या, कोळी यांना चालतं. नमुना जरा ताठर होतो, एवढंच. डीएनएचं काम करायचं असेल तर तीव्र इथेनॉलच लागतं, पण ते कॉलेजने बघावं. फुलपाखरं आणि पतंग द्रवात कधीच नाही, पंखांचे खवले धुऊन निघतात.

बाटलीत लेबल आत टाका, जाड कागदावर पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पसरते.

हे लेबल म्हणजे खरं सामान, बाकी सगळी बोहारणीची टोपली. विद्यार्थी सुंदर डबा घेऊन यायचे आणि विचारलं, "हा कुठे सापडला?" तर "सर, बहुतेक आजोळी." मग तो किडा शोभेचा. कुठे (गाव, तालुका, जिल्हा), कोणत्या तारखेला, कसा (दिव्याला, गवतात, शेणात), कुणी धरला, हे सगळं टाचणीवर किड्याखाली बसलं पाहिजे. महिना अक्षरात किंवा रोमन आकड्यात लिहा, नाहीतर ७-८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै यावर पुढची पिढी भांडेल. नाव ओळखलंत तर ते दुसऱ्या, खालच्या चिठ्ठीवर. नाव चुकू शकतं. जागा आणि तारीख चुकता कामा नये.

---

वाडीतली_वकील

एवढ्या गप्पांत कायदा कुणी काढला नाही म्हणून मी काढते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचींमध्ये कित्येक फुलपाखरं आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची सहाच्या चार झाल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी बघून 'हे चालतं' असं ठरवू नका, नवी यादी उघडा.

गंमत अशी की 'साधं' वाटणारं फुलपाखरूही अडचणीत आणतं. प्लेन टायगर सगळ्यांच्या ओळखीचं, रुईच्या झुडपाभोवती घिरट्या घालतं. रुईचं विष अंगात असल्याने पक्षी ते टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याची नक्कल करते, आणि हे एगफ्लाय जुन्या कायद्यात थेट पहिल्या अनुसूचीत होतं, वाघाच्या पंक्तीला. जाळ्यात कोण आलंय हे पक्षी ओळखत नाहीत, तर आपण काय ओळखणार? मांडवीकरांच्या लेकीने फुलपाखरं वगळली ते कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

अभयारण्यात तर परवानगीशिवाय मुंगीही उचलायची नाही. जांबुघोडा आपल्याला जवळचं, म्हणून मुद्दाम सांगते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दोन चेक कीटकतज्ज्ञ किडे गोळा करताना पकडले गेले होते, प्रकरण तुरुंगापर्यंत गेलं. दुसऱ्याच्या शेतात जाळं मारायचं असेल तर आधी शेतकऱ्याला विचारा. बहुतेक जण म्हणतात, "घेऊन जा, सगळेच घेऊन जा!"

---

सेव_उसळ

आणि विश्वामित्रीच्या काठी गवत झोडपू नका. तिथे जाळ्यात मावणार नाही असं काहीतरी तोंड उघडून बसलेलं असतं.

---

बाभुळबन

हे विनोदाने नाही, खरंच. चतुर बघायला मुलं पाण्याशी जातात. नदीत शहराच्या मधोमध मगरी आहेत. चतुर टिंबी तलावावर बांधावरून, दुर्बिणीने बघा.

---

मांडवीकर

वकीलबाई, आभार. मी पावागढला जाळं घेऊन जाणार होतो, बेत रद्द.

साठवणीचं विचारतो. पहिला डबा भाकरवडीच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात केला, तळाला थर्माकोल, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. आठवड्याने गोळ्या थर्माकोलमध्ये रुतल्या, खड्डे पडले. आणि पंख वाळवायला ठेवलेला पतंग रात्रीत मुंग्यांनी नेला. टाचणी तेवढी उभी.

---

आज्जीचा_चष्मा

मुंग्यांचं मला विचारा. दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतो ना? तसंच. स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, स्टूल भिंतीपासून लांब, नि पाण्यात दोन थेंब तेल, म्हणजे डास होत नाहीत. आमच्या ह्यांचे पतंग मी चाळीस वर्षं असेच वाचवले. पाल मात्र वरून येते. वर चाळण पालथी घाला.

---

तुडतुडा

डांबरगोळ्यांनीही थर्माकोल खचतो. योगा मॅट घ्या, ईव्हीए फोमची, दीड सेंमी जाडीची नसेल तर दोन थर. टाचणी छान धरते. डबा लाकडी, घट्ट झाकणाचा. बडोद्याच्या पावसाळ्यात बुरशी हा पहिला शत्रू, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, ओल धरल्या की तव्यावर तापवून परत. दुसरा शत्रू म्हणजे संग्रहालयी भुंगेरा. तो वाळलेले किडेच खातो. किड्याखाली तपकिरी भुकटी दिसली की समजा, आला. आख्खा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये.

चतुरांचा रंग मेल्यावर उडतो, तेव्हा दिवसभर ॲसिटोनमध्ये बुडवून मग वाळवायचे. (काचेच्या भांड्यात, काका. काचेच्या.)

वाळून कडक झालेल्या किड्याचे पंख-पाय पसरायचे असतील तर आधी तो मऊ करायचा: डब्यात ओली वाळू, वर जाळी, जाळीवर किडा, दोन-तीन दिवस झाकून. वाळूत डेटॉलचे थेंब, बुरशी धरत नाही.

---

मूळ_इंदूरकर

रात्री दिवा लावून किडे बोलवायचा विषय राहिला. आमच्याकडे महूच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर करतो. दोन काठ्यांना पांढरं धोतर ताणून बांधायचं, पुढे दिवा. चोक न लागणारा १६० वॅटचा मर्क्युरी दिवा सर्वोत्तम, पण आता मुश्किलीने मिळतो, आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की फटाका. त्याऐवजी ३६५ नॅनोमीटरची अतिनील एलईडी, पॉवर बँकेवर चालते. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. घरातली साधी एलईडी कामाची नाही, किडे तिला फारशी भीक घालत नाहीत.

उकाडा, दमट हवा, वारा पडलेला आणि चंद्र नसलेली रात्र. एवढं जमलं की धोतर दिसत नाही, नुसते पंख.

एक जपा. बारीक, काळी-नारिंगी पट्ट्यांची लांबट मुंगीसारखी दिसणारी एक जात दिव्यावर येते, नायरोबी माशी म्हणतात तिला, पण ती माशी नसून भुंगेरा आहे. मानेवर बसली तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडली की तिच्या अंगातल्या रसाने भाजल्यासारखे फोड येतात. तुमच्या ओढनळीतही ती घ्यायची नाही.

---

मुक्ता_अलकापुरी

दिव्याला आलेले सोडून देणार असाल तर मी येते. कॅमेरा आणते.

---

मांडवीकर

ताई, सगळे सोडायचे. बरणी घरीच ठेवतो.

आषाढ अमावास्या कशी वाटते? दिव्याची अवस. आई पाटावर समया-निरांजनं मांडून पूजा करते, ती उरकली की गच्चीवर आपला दिवा. आईला विचारलं, ती म्हणाली, किडे देवघरात आले नाहीत म्हणजे झालं.

---

बाभुळबन

येतो. धोतर माझं आणू का? पाच वार आहे, सुती, आता कोण नेसतंय. फक्त गच्चीवर शेजाऱ्यांचा पांढरा फोकस असेल तर दोन तास मालवायला सांगा, नाहीतर सगळी मंडळी तिकडेच जातील.

---

मांडवीकर

शेजारी तयार आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "पतंग? आत्ता? रात्री?" मी म्हटलं, वर या, दाखवतो.

---

आज्जीचा_चष्मा

पुरणाचे दिंड करणार आहे, डबा पाठवते. डब्यावर नाव लिहिलेलं असेल.